वर्गपाठ आणि गृहपाठ (उच्च प्राथमिक स्तर)

शाळेच्या तासिकेत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी जे लेखी, तोंडी किंवा प्रात्यक्षिक काम करतो त्यास वर्गपाठ म्हणतात. शाळेच्या वेळेबाहेर, बहुधा घरी, पूर्ण करण्यासाठी दिलेले काम म्हणजे गृहपाठ होय. शासकीय परिपत्रकांत वर्गपाठासाठी 'वर्गकार्य' आणि पाठ्यपुस्तकातील प्रश्नसंचासाठी 'स्वाध्याय' हे शब्द वापरले जातात. भारतात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार इयत्ता सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर ठरतो. प्रस्तुत लेखात या स्तरावरील, प्रामुख्याने महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतील, विज्ञान व इंग्रजी या विषयांच्या दैनंदिन कामाचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, पाढे व कोष्टके एका सुरात म्हणणे आणि मोडी वाचन-लेखन यांवर भर असे. पाठांतर हाच अभ्यासाचा गाभा असल्यामुळे वर्गातील काम आणि घरचे काम यांत स्पष्ट भेद नव्हता. छापील क्रमिक पुस्तके, इयत्तावार वर्ग, ठरावीक वेळापत्रक व कागदी वह्या रूढ झाल्यानंतर 'वर्गपाठाची वही' व 'गृहपाठाची वही' अशी विभागणी प्रचारात आली.

गृहपाठाचा शोध रोबेर्तो नेव्हिलिस नावाच्या इटालियन शिक्षकाने लावला, अशी माहिती आंतरजालावर सर्वत्र आढळते. त्यासाठी कोठे १०९५, तर कोठे १९०५ हे वर्ष दिलेले असते. या दाव्यास कोणताही ऐतिहासिक आधार नाही. गृहपाठाचा कोणी एक जनक सांगता येत नाही.

गृहपाठाला होणारा विरोधही जुना आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९०१ मध्ये लहान वर्गांसाठी गृहपाठास कायद्याने मनाई केली होती. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक उपग्रह सोडल्यानंतर मात्र अमेरिकेत विज्ञान व गणिताच्या अभ्यासावर भर वाढला आणि गृहपाठालाही पुन्हा महत्त्व आले. फ्रान्सने १९५६ च्या परिपत्रकाद्वारे प्राथमिक वर्गांतील लेखी गृहपाठ बंद केला.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्रात पाचवीपर्यंत विज्ञानाचे घटक 'परिसर अभ्यास' या एकत्रित विषयात येतात. सहावीपासून 'सामान्य विज्ञान' हा स्वतंत्र विषय सुरू होतो. त्यामुळे संज्ञा, व्याख्या, आकृत्या व प्रयोगांच्या नोंदी यांची पद्धतशीर सवय विद्यार्थ्यांना प्रथम या इयत्तेत लागते. राज्यात इंग्रजी हा विषय पूर्वी पाचवीपासून शिकवला जात असे. २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून तो सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून शिकवला जाऊ लागला. 'सेमी-इंग्रजी' पद्धतीच्या वर्गांत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकवले जातात. तेथील विद्यार्थ्यांच्या विज्ञानाच्या गृहपाठात विषयाची आणि भाषेची अडचण एकत्र येते.

शिक्षण हक्क अधिनियमानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कार्यदिन व १,००० अध्यापन तास आवश्यक आहेत. पहिली ते पाचवीसाठी हे प्रमाण अनुक्रमे २०० दिवस व ८०० तास आहे. प्रत्यक्षात एक तासिका साधारणतः ३० ते ४० मिनिटांची असते. हजेरी, उजळणी व नवीन घटकाचे स्पष्टीकरण झाल्यावर लेखी कामासाठी थोडाच वेळ उरतो आणि राहिलेले काम घरी जाते. गृहपाठ वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

विज्ञानातील काम

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या, म्हणजेच बालभारतीच्या, सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा', 'निरीक्षण करा', 'सांगा पाहू!', 'जरा डोके चालवा' अशा शीर्षकांच्या चौकटी असतात व पाठाच्या शेवटी 'स्वाध्याय' व 'उपक्रम' दिलेले असतात. चौकटींतील कृती वर्गात करणे, स्वाध्याय वहीत सोडवणे आणि उपक्रम घरी अथवा परिसरात पार पाडणे अशी कामाची सर्वसाधारण विभागणी होते.

प्रयोगाची नोंद उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान या क्रमाने लिहिण्याची पद्धत आहे. आकृत्या पेन्सिलीने काढून त्यांतील भागांना नावे दिली जातात. नोंद लिहिताना निरीक्षण व अनुमान यांतील फरक कळणे महत्त्वाचे असते. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लालसर होतो, हे निरीक्षण होय. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी आहे, हे त्यावरून काढलेले अनुमान होय.

घरी करता येण्याजोग्या विज्ञानाच्या कामांना महागडे साहित्य लागत नाही. मटकीला मोड येताना रोज होणारा बदल नोंदवणे, ओलसर पावावर वाढणारी बुरशी भिंगातून पाहणे, जास्वंदीच्या फुलांच्या रसाने लिंबू व खाण्याचा सोडा यांची परीक्षा करणे, उभ्या काठीची सावली दिवसातून तीनचार वेळा मोजणे, पंधरवडाभर चंद्राच्या कला टिपणे ही त्याची काही उदाहरणे होत. सावलीचे मापन किंवा चंद्रदर्शन ३५ मिनिटांच्या तासिकेत होऊ शकत नाही. त्यामुळे अशी कामे गृहपाठ म्हणूनच योग्य ठरतात. ती गाइडमधून उतरवून घेण्याचा मोहही कमी असतो, कारण प्रत्येकाची नोंद वेगळी येते.

वर्गपाठालाच शिक्षणाचे केंद्र मानणारा भारतातील महत्त्वाचा प्रयोग म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम होय. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून तो सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो चालवला. सहावी ते आठवीचे विद्यार्थी गटात बसून प्रयोग करीत, आपली निरीक्षणे लिहीत आणि चर्चेतून निष्कर्षापर्यंत येत. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत तयार उत्तरे दिलेली नसत. परीक्षेतही पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा असे. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली वही हेच त्याचे खरे पाठ्यपुस्तक ठरत असे. राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला.

इंग्रजीतील काम

मराठी माध्यमाच्या बहुतांश विद्यार्थ्यांना शाळेबाहेर इंग्रजी बोलण्याची संधी क्वचितच मिळते. त्यामुळे या विषयाचा वर्गपाठ हाच भाषेशी येणारा मुख्य संपर्क असतो. प्रकट वाचन, जोड्यांनी संवाद म्हणणे, शब्दांचे खेळ, श्रुतलेखन, रिकाम्या जागा भरणे, चित्रावरून वाक्ये रचणे, लहान पत्र किंवा परिच्छेद लिहिणे ही कामे वर्गात घेतली जातात. गृहपाठात प्रामुख्याने शब्दार्थ, स्पेलिंग, चार रेघी वहीतील सुलेखन आणि पाठाखालील प्रश्नोत्तरे यांचा समावेश असतो.

एकच शब्द किंवा उत्तर पाच-दहा वेळा लिहिण्याची प्रथा अद्याप प्रचलित आहे. अक्षरवळणासाठी ती उपयोगी असली, तरी स्मरणासाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मृतीविषयक संशोधनात, एका बैठकीत केलेल्या पुनरावृत्तीपेक्षा काही दिवसांत विभागलेली पुनरावृत्ती अधिक परिणामकारक असल्याचे दिसून आले. रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या तो काही दिवसांनंतर अधिक लक्षात राहिल्याचे आढळले. त्यानुसार दहा शब्द प्रत्येकी दहा वेळा उतरवण्याऐवजी पुस्तक मिटून ते एकदा लिहिणे, तपासणे आणि दोन दिवसांनी पुन्हा लिहिणे अधिक लाभदायक ठरते.

मूल्यमापनाशी संबंध

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्याचे आकारिक व संकलित असे दोन भाग आहेत. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, लेखी चाचणी, तसेच स्वाध्याय किंवा वर्गकार्य यांचा अंतर्भाव होतो. पाचवी व सहावीसाठी आकारिक मूल्यमापनाचा भारांश ५० टक्के, तर सातवी व आठवीसाठी ४० टक्के ठेवण्यात आला. त्यामुळे वहीतील रोजच्या कामाला वर्षअखेरच्या निकालात थेट स्थान मिळाले. प्रकल्पाच्या वह्या पालकांनी किंवा दुकानांनी तयार करून देण्याची पद्धत वाढली, ही या व्यवस्थेवरील एक नेहमीची टीका आहे.

गृहपाठ न केल्याबद्दल छडी मारणे, अंगठे धरून उभे करणे किंवा वर्गासमोर अपमान करणे यांसारख्या शिक्षा पूर्वी सर्रास दिल्या जात. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार बालकास शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे.

गृहपाठाचा भार व धोरणे

ज्येष्ठ लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेचे सदस्य असताना आपल्या पहिल्या भाषणात मुलांच्या दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' या आशयाचा अहवाल सादर केला. पुस्तकांच्या वजनाइतकेच न समजता शिकण्याचे ओझे घातक आहे, हे या अहवालाचे प्रमुख प्रतिपादन होते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ मध्ये दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरीपासून प्राथमिक वर्गांत आठवड्याला दोन तास, उच्च प्राथमिक स्तरावर दिवसाला एक तास आणि त्यापुढे दिवसाला दोन तास गृहपाठ असावा, असे सुचवण्यात आले. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात हीच मर्यादा कायम ठेवण्यात आली. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असेही त्यात म्हटले आहे. उच्च प्राथमिक स्तरावरील एका तासाची मर्यादा सर्व विषयांसाठी मिळून आहे. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने अर्ध्या तासाचे काम दिले, तर ती सहज ओलांडली जाते. त्यासाठी विषयशिक्षकांनी आपसांत गृहपाठाचे वेळापत्रक ठरवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रात दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत, वह्यांची पाने समाविष्ट करून देण्यात आली. या पानांवर 'माझी नोंद' असे शीर्षक होते. तथापि विद्यार्थी वेगळ्या वह्याही आणतच राहिल्याने २०२५ मध्ये ही पाने वगळण्याचा निर्णय झाला.

चीनने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या 'दुहेरी भारकपात' धोरणानुसार पहिली-दुसरीसाठी लेखी गृहपाठ बंद करण्यात आला. तिसरी ते सहावीसाठी दिवसाला ६० मिनिटे व त्यापुढील कनिष्ठ माध्यमिक वर्गांसाठी ९० मिनिटे अशी कमाल मर्यादा घालण्यात आली.

परिणामकारकता

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी १९८९ व २००६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांना प्राथमिक वर्गांत गृहपाठ व संपादणूक यांचा संबंध अत्यल्प, तर सातवीपासून पुढे तो अधिक ठळक आढळला. इयत्तेच्या क्रमांकास दहाने गुणून येतील तितकी मिनिटे गृहपाठ असावा, हा 'दहा मिनिटांचा नियम' त्यांच्यामुळे प्रसिद्ध झाला. त्यानुसार सहावीसाठी ६० व आठवीसाठी ८० मिनिटे होतात. 'द होमवर्क मिथ' (२००६) या पुस्तकाचे लेखक आल्फी कोन यांनी मात्र गृहपाठाचे लाभ पुरेसे सिद्ध झालेले नाहीत, अशी भूमिका घेतली आहे.

विषमतेचा प्रश्न

गृहपाठ सर्वांना सारखा दिला जात असला, तरी तो करण्याची परिस्थिती सारखी नसते. ज्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नाही, अभ्यासासाठी वेगळी जागा नाही किंवा मुलांना धाकट्या भावंडांची व घरकामाची जबाबदारी घ्यावी लागते, तेथे 'पाठाखालील प्रश्न सोडवून आणा' ही साधी सूचनाही अवघड ठरते. ऊसतोडणी किंवा वीटभट्टीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा वर्गपाठच खंडित होत असल्याने गृहपाठाचा पायाच उरत नाही. शिकवणी परवडणाऱ्या घरांत तेच काम शिकवणीत पूर्ण होते. अशा स्थितीत पूर्ण वहीवरून मुलाच्या आकलनापेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीचे मोजमाप होण्याचा धोका असतो.

कोविड-१९ च्या साथीत मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्याने संपूर्ण अभ्यासच घरी आला आणि ही दरी अधिक स्पष्ट झाली. भ्रमणध्वनीवर स्वाध्याय पाठवले जात. मात्र एकच संच असलेल्या घरात तो बहुधा पालकांबरोबर कामावर जाई. ही हानी भरून काढण्यासाठी राज्यात १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यास' राबवण्यात आला. त्यात मागील इयत्तेच्या महत्त्वाच्या घटकांवरील दैनंदिन कृतिपत्रिका देण्यात आल्या होत्या.

या प्रश्नावर शिक्षक काही व्यवहार्य उपाय योजतात. नवीन व कठीण भाग वर्गातच करून घेणे, घरी केवळ शिकवलेल्या भागाचा सराव देणे, कोणाच्याही मदतीविना होईल इतकेच काम नेमणे, शाळा सुटण्यापूर्वी गृहपाठ सुरू करून देणे, मुलांच्या स्तरानुसार वेगवेगळे काम देणे आणि दुसऱ्या दिवशी चुकांवर चर्चा करणे हे त्यांपैकी काही होत. न तपासलेला गृहपाठ विद्यार्थ्याला आपली चूक दाखवू शकत नाही, त्यामुळे चुकीचाच सराव पक्का होतो. मोठ्या पटाच्या वर्गात रोज प्रत्येक वही पाहणे शक्य नसते. तेथे वह्यांची अदलाबदल करून परस्परतपासणी घेणे किंवा दिवसाला काही ठरावीक वह्या बारकाईने तपासणे हे मार्ग अवलंबले जातात.