उंबरठ्यावरचे यंत्र

अलीकडे पुष्कळ घरांत भिंतीच्या कोपऱ्याशी एक लहानशी डबी मिणमिणत असते. तिच्या पाठीला चार-पाच खाचा असतात. त्यांतली एक बहुधा वेगळ्या रंगाची, आणि तिच्याखाली 'वॅन' ही अक्षरे छापलेली. बाहेरून आलेली तार या खाचेत बसवायची आणि घरातल्या यंत्रांच्या तारा उरलेल्या खाचांत. जोडणीला आलेला मुलगा हे काम दहा मिनिटांत उरकतो आणि जिना उतरता उतरता सांगून जातो, "इथपर्यंत आमचं. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

या वाक्याचा आपल्याला रागच येतो. पण हे 'इथपर्यंत आमचे' ज्या दिवशी ठरले, त्या दिवशीच आजच्या इंटरनेटचा खरा पाया घातला गेला असे म्हणावयास हरकत नाही. तारा तर त्याआधी शंभर वर्षे जगभर पसरलेल्या होत्या. प्रश्न होता तो तार कोणाच्या दाराशी संपावी आणि आतल्या कारभाराशी तिचा संबंध कितपत असावा, हा.

गोष्ट १९६६ सालची. वॉशिंग्टनजवळच्या पेंटॅगॉन या अवाढव्य इमारतीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेचे कार्यालय होते. देशातील विद्यापीठांना गणकयंत्रांच्या संशोधनासाठी पैसा पुरवण्याचे काम तेथे बॉब टेलर यांच्याकडे असे. त्यांच्या खोलीशेजारी तीन टंकयंत्रे मांडलेली होती. एक मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेतल्या गणकयंत्राशी जोडलेले, दुसरे बर्कलीच्या, तिसरे सांता मोनिकाच्या. तिन्हींच्या आज्ञा वेगळ्या, रीतिभाती वेगळ्या. एकाशी बोलून झाले की उठायचे आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचे! ही तीन सवतींची मर्जी सांभाळण्यापेक्षा सगळ्यांना एकाच जाळ्यात ओवावे, असे टेलर यांच्या मनाने घेतले. त्यांनी वरिष्ठांकडून दहा लाख डॉलरचे आश्वासन मिळवले आणि काम लॅरी रॉबर्ट्स या तरुण तज्ज्ञाच्या हाती दिले.

अणुयुद्धातही टिकून राहावे म्हणून हे जाळे विणले गेले, असे आपण पुष्कळदा वाचतो. ते बरोबर नाही. तसा विचार पॉल बॅरन यांनी रँड या संस्थेत काही वर्षे आधी केला होता, आणि निरोपाचे लहान लहान तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी धाडण्याची कल्पना त्यातच पुढे आली. इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनाही ती स्वतंत्रपणे सुचली होती. रॉबर्ट्स यांना त्या दोघांचाही उपयोग झाला. पण टेलर यांचा हेतू साधा, काटकसरी गृहस्थाचा होता. गणकयंत्र महाग असते. एकाचे यंत्र दुसऱ्याच्याही कामी यावे.

तथापि यंत्रांच्या मालकांना हे मुळीच रुचले नाही. १९६७ च्या एप्रिलमध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे आर्पाचा पैसा घेणारे संशोधक जमले होते. रॉबर्ट्स यांनी योजना मांडली, की प्रत्येकाने आपल्या यंत्राला लांबची तार जोडावी आणि निरोप घेण्या-देण्याचे काम त्या यंत्रानेच करावे. सभेत नाराजी पसरली. आपले यंत्र आधीच अपुरे पडते. त्याने पुन्हा दुसऱ्यांची टपाले का वाहावीत? गावच्या प्रत्येक पाटलाला 'तुझ्याच घरचा गडी डाक पोचवायला दे' असे सांगितल्यावर तो जे तोंड करील, तसेच त्या विद्वानांनी केले.

तोड काढली वेस्ली क्लार्क यांनी. योजना उलटी मांडली गेली आहे, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी रॉबर्ट्स यांना दिली आणि विमानतळाकडे जाताना मोटारीत ती उकलून सांगितली. मोठ्या यंत्रांना हातच लावू नये. प्रत्येकाच्या दाराशी एक लहान गणकयंत्र ठेवावे. ही लहान यंत्रे सर्वत्र एकाच जातीची असावीत, लांबच्या तारा त्यांनाच जोडाव्यात आणि तुकडे कोणत्या वाटेने न्यायचे, हरवले तर पुन्हा कसे धाडायचे, ही सारी उठाठेव त्यांनीच करावी. घरमालकाने फक्त आपल्या यंत्रापासून दारापर्यंत एक केबल आणून द्यायची. पाटलाचा गडी घरीच राहिला. वेशीवर टपालघर आले.

या दारच्या यंत्राला 'इंटरफेस मेसेज प्रोसेसर' असे लांबलचक नाव मिळाले आणि आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'इम्प' म्हणू लागले. इंग्रजीत इम्प म्हणजे खोडकर भुताचे पिल्लू. नाव अगदीच अनाठायी नव्हते, हे पुढे दिसेलच.

जुलै १९६८ मध्ये १४० कंपन्यांना निविदा धाडण्यात आल्या. आयबीएमसारख्या बड्या पेढीने हे काम परवडणारे नाही म्हणून अंग काढून घेतले. वर्षअखेरीस काम मिळाले ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या, म्हणजे बीबीएन या, तुलनेने लहान कंपनीला. ही कंपनी मूळची नादशास्त्राची. सभागृहांतला आवाज सुधारण्यात तिचे नाव झालेले. त्या राज्याचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्याकडून अभिनंदनाची तार आली, तीत 'इंटरफेस' ऐवजी 'इंटरफेथ' असा शब्द होता. म्हणजे सर्व धर्मांत संवाद घडवणारे यंत्र! संरक्षण खात्याच्या पैशाने तेही झाले असते तर वाईट नव्हते.

बीबीएनमधले प्रमुख फ्रँक हार्ट. रडारसारखी उपकरणे टेलिफोनच्या तारांवरून गणकयंत्रांना जोडण्यात त्यांची आधीची वर्षे गेली होती, आणि त्या अनुभवाने त्यांना एकच धास्ती लावून दिली होती: यंत्र बंद पडता कामा नये. त्यांनी हनीवेल कंपनीचे डीडीपी-५१६ हे यंत्र निवडले, तेही लष्करी मजबुतीचे. मोठ्या फ्रिजएवढे करडे पोलादी कपाट, वजन ४०० किलोंहून अधिक, आणि उचलण्यासाठी माथ्यावर लोखंडी कड्या. याच जातीचे यंत्र एका प्रदर्शनात छताला टांगून त्यावर घण घालून दाखवत, असे सांगतात. विद्यापीठाच्या खोलीत ठेवायच्या यंत्राला एवढे चिलखत कशाला, असे कोणी विचारील. हार्ट यांना भय शत्रूचे नव्हते, विद्यार्थ्यांचे होते. हुशार मुलाच्या हाती यंत्र आले की तो ते उघडून पाहणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते!

आता त्या केबलकडे वळू; या प्रकरणाचा सगळा जीव तिच्यात आहे. चार विद्यापीठांतील यंत्रे चार तऱ्हांची. एकाचा शब्द ३२ बिटांचा, दुसऱ्याचा २४ चा, तिसऱ्याचा ३६ चा, आणि इम्पचा स्वतःचा १६ चा. बिट म्हणजे होय किंवा नाही एवढेच सांगणारा माहितीचा कण. वेगवेगळ्या मापांनी मोजणाऱ्या व्यापाऱ्यांत देवघेव घडवायची तर माप कोणते धरावे? बॉब कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा शहाणा निर्णय घेतला. माप कोणतेच धरायचे नाही. दाणा दाणा मोजून द्यायचा. केबलमधून एका वेळी एकच बिट जाईल. घेणारा म्हणेल, 'पुढचा येऊ दे'. देणारा म्हणेल, 'हा घे'. मग घेणारा पुन्हा म्हणेल, 'पुढचा येऊ दे'. दोघांपैकी कोणी मंद असले तरी बिघडत नाही, कारण मागितल्यावाचून कोणी देत नाही. निरोपाच्या शेवटी एक खूण टाकून उरलेली जागा शून्यांनी भरायची, म्हणजे माल कुठे संपला ते कळते. हे सारे बीबीएनच्या १८२२ क्रमांकाच्या अहवालात लिहिलेले होते. पुढे त्या जोडणीलाच लोक '१८२२' म्हणू लागले. यंत्रे जवळजवळ असली तर केबल ३० फुटांपर्यंत, आणि दूरच्यांसाठी २,००० फुटांपर्यंतची निराळी तऱ्हा.

केबलचे इम्पकडले टोक बीबीएनचे. दुसरे टोक ज्या पेटीत शिरायचे ती ज्याची त्याने बनवायची. आणि त्या केबलवरून दोन मोठ्या यंत्रांनी एकमेकांशी काय बोलावे, याविषयी बीबीएनने एक अक्षरही लिहिले नाही. ते काम विद्यार्थ्यांवर आले. त्यांच्यातील स्टीव्ह क्रॉकर याने घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री न्हाणीघरात बसून पहिले टिपण लिहिले. त्यावर तारीख ७ एप्रिल १९६९ ची आहे. कुणा थोरामोठ्यांचा अधिकार आपण बळकावतो आहोत असे वाटू नये, म्हणून त्याला 'मते मागवण्यासाठी' असे विनम्र शीर्षक दिले. इंटरनेटचे नियम आजही त्याच शीर्षकाखाली निघतात.

इकडे इम्पने आपल्या नावाला जागायला सुरुवात केली होती. हनीवेलकडून आलेल्या नमुन्याच्या यंत्रात तारांची जोडणीच चुकलेली. बेन बार्कर हा तरुण दिवस-दिवस यंत्राच्या पाठीशी बसून एकेक तार सोडवी आणि योग्य जागी गुंडाळी. ते निस्तरले तर नवेच दुखणे उपटले: यंत्र सुरळीत चालता चालता दिवसाकाठी केव्हातरी अकस्मात गप्प होई. कारण मोठे चमत्कारिक निघाले. यंत्राच्या आत स्वतःच्या घड्याळाचे ठोके पडत असतात. बाहेरची तार मात्र तिला वाटेल तेव्हा दार ठोठावते. क्वचित ती दोन्ही इतक्या अचूक एका क्षणी पडत, की आधी कोणाचे ऐकावे हे आतल्या मंडलाला ठरवता येईना आणि ते जागच्या जागी थिजे. सेव्हेरो ऑर्न्स्टीन यांना हा रोग ओळखता आला आणि तो दुरुस्त झाला. बाहेरच्या जगाशी जोडले जाण्याची किंमत ती हीच असावी. एकट्या यंत्राला हा विकार क्वचितच जडता.

पहिला इम्प जायचा होता लॉस एंजल्सच्या विद्यापीठात, लेन क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत. तेथील सिग्मा-७ या यंत्राची पेटी माइक विंगफील्ड या विद्यार्थ्याने बनवली होती. तरी मुलांची तयारी अपुरीच होती आणि पूर्वेकडून यायच्या यंत्राला उशीर होईल अशी त्यांना मनोमन आशा होती. झाले उलटेच. इम्प विमानाने निघाला आणि ३० ऑगस्ट १९६९ रोजी, शनिवारी, दाराशी हजर झाला. माणूस चंद्रावर उतरल्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते. या कपाटाची वार्ता कोणाच्या कानी जावी? कपाट उघडून वीज जोडली, तर ते केंब्रिजला जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालू लागले. त्याची स्मृती बारीक लोहचुंबकी कड्यांची असल्याने वीज गेली तरी पुसली जात नसे. परीक्षेच्या दिवशी गुरुजी आधीच वर्गात येऊन बसावेत, तशी मुलांची अवस्था झाली.

सोमवारची सुटी मध्ये आली. मंगळवारी, २ सप्टेंबरला, सिग्मा-७ ची केबल इम्पला जोडण्यात आली. त्या दिवसाचे क्लाइनरॉक यांनी पुढे सांगितलेले वर्णन मोठे बोलके आहे. बीबीएनची माणसे, हनीवेलची, सिग्माच्या कंपनीची, दोन टेलिफोन कंपन्यांची, आर्पाची, अशी सगळी खोलीत जमली होती आणि काही बिघडले तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला प्रत्येक जण सज्ज होता. बोट दाखवायची वेळ आली नाही. बिट ये-जा करू लागले.

ऑक्टोबरमध्ये दुसरा इम्प सुमारे ३५० मैल उत्तरेला, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बसला. मध्ये टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेली, सेकंदाला ५०,००० बिट वाहणारी तार. २९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने 'लॉगिन' हा शब्द टंकण्यास घेतला. पलीकडे बिल ड्यूव्हॉल बसलेले, आणि दोघांच्या कानाला साधा टेलिफोन. 'एल' पोचले का? पोचले. 'ओ'? पोचले. 'जी' दाबले आणि पलीकडचे यंत्र कोसळले. झाले होते असे, की 'लॉग' एवढे दिसताच ते यंत्र उरलेली अक्षरे आपणहून पुरी करून परत धाडी. एका वेळी एकाहून अधिक अक्षरे येतील अशी तरतूदच कोणी केली नव्हती. तासाभरात दुरुस्ती झाली. आणि मौज पाहा, दोष ना तारेत सापडला, ना इम्पमध्ये. तो उंबरठ्याच्या आतल्या बाजूचा होता, मोठ्या यंत्रांच्या बोलण्यातला. सीमा स्पष्ट आखलेली नसती तर त्या रात्री दोन टोकांची माणसे एकेक स्क्रू सोडवीत बसली असती.

नोव्हेंबरात सांता बार्बरा आणि डिसेंबरात यूटा जोडले गेले. पुढे बीबीएनच्या कार्यालयातही इम्प बसला आणि एक निराळाच खेळ सुरू झाला. प्रत्येक इम्प आपली ख्यालीखुशाली केंब्रिजला कळवू लागला. शंका आली तर त्याची जाणारी तार वळवून त्याच्याच येणाऱ्या तारेला जोडायची, म्हणजे तो स्वतःशीच बोलून पाही. दोष यंत्रात की लांबच्या तारेत, ते घरबसल्या कळे. मग बीबीएनचा माणूस टेलिफोन कंपनीला कळवी की कॅलिफोर्नियातली तुमची अमुक तार नादुरुस्त आहे. पलीकडच्या माणसाचा विश्वास बसत नसे. तीन हजार मैलांवर बसून याला कसे कळले? तार कंपनीची, आणि तिची नाडी परक्याच्या हाती!

१९९० मध्ये आर्पाचे हे जाळे अधिकृतपणे बंद करण्यात आले. इम्पची कामे तोवर राउटर नावाच्या यंत्रांनी उचलली होती. कोपऱ्यातली डबी त्यांच्याच वंशातली. लॉस एंजल्सच्या विद्यापीठातली ३४२० क्रमांकाची खोली पुढे जुन्या रूपात पुन्हा उभी करून पहिला इम्प तिच्यात ठेवण्यात आला आहे. लष्करी चिलखत घातलेल्या त्या करड्या कपाटाशी आज खेळायला कोणी विद्यार्थी जात नसेल. त्याला उघडून बघण्याची हार्ट यांनी इतकी धास्ती घेतली होती, आणि आता लोक मुद्दाम जातात ते त्याला उघडलेला पाहायला.