कलकत्ता चषक : क्रीडाचषकांवरील लेखांचें प्रामाण्य

जुन्या दप्तरांबरोबर कधीं कधीं चांदीच्या ढाली व क्रीडाचषकही संग्राहकांच्या हातीं येतात. त्यांवर नांवें व सालें कोरलेलीं असल्यामुळें तीं जशींच्या तशीं प्रमाण मानण्याचा प्रघात दिसतो. ताम्रपटांतील मिति गणितानें पडताळून पाहणारा संशोधकही येथें निःशंक असतो. हें योग्य नव्हे, असें आम्हांस वाटतें. व तें दाखविण्यास कलकत्ता चषकाचें उदाहरण फार सोईचें आहे.

कलकत्त्यांतील इंग्रजांनीं रग्बी खेळण्यासाठीं जानेवारी १८७३ मध्यें कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापिला. तेथील हवा या दांडग्या खेळास मानवणारी नव्हती. पुढें पलटण दुसरीकडे गेली, राहिलेल्यांचा ओढा पोलो व टेनिस यांकडे वळला, आणि चार-पांच वर्षांतच क्लब मोडण्याची वेळ आली. तेव्हां सभासदांनीं पेढीवरील शिल्लक रोख रुपयांत काढून घेतली, ते रुपये आटवून चषक घडविला व १८७८ सालीं तो इंग्लंडांतील रग्बी फुटबॉल युनियन या संस्थेस अर्पण केला. चषकाचे तीन कान फणाधारी नागांचे असून झांकणावर हत्ती आहे. त्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला सामना १८७९ त एडिंबरो येथें होऊन बरोबरींत सुटला. पुढील वर्षीं इंग्लंडनें चषक जिंकला.

आटविलेले रुपये २७० होते असें सांगतात. १८३५ च्या कायद्यान्वयें रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, असून त्यांत बारांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असे. तेव्हां एकूण धातु २७० तोळे, म्हणजे ८० तोळ्यांच्या शेरानें ३ शेर ३० तोळे भरतो. शिवाय रुपयाच्या चांदींत हजारीं सुमारें ९१७ भाग शुद्ध, तर विलायती 'स्टर्लिंग' चांदींत ९२५. कारागिरानें धातु शुद्ध केला नसेल व वर मुलामा चढविला नसेल, तर एवढा फरक क्ष-किरणांनीं, वस्तूस ओरखडाही न पाडतां, अजमावतां येतो. परंपरागत हकीकतीची साक्ष अशी प्रत्यक्ष धातूकडूनच घेतां येते.

आतां लेखाकडे वळूं. चषकाच्या अंगावरील लेखांत १८७८ हें साल आहे. परंतु बैठकीवर कोरलेली सामन्यांची यादी १८७१ पासून सुरू होते. त्या सालीं दोन्ही देशांचा पहिला सामना झाला व स्कॉटलंडनें तो जिंकला, हें खरें. पण तेव्हां हा चषक नव्हता, इतकेंच काय, तो देणारा क्लबही नव्हता. आरंभींच्या ओळी उघडच मागाहून कोरल्या आहेत. त्या खोट्या नव्हेत, पण समकालीनही नव्हेत. चषकाचें अंग हा अस्सल कागद मानला, तर बैठक ही बखर होय. बखरींतील वृत्त खरें असूं शकेल, परंतु त्यावरून वस्तूचें वय ठरवितां येत नाहीं.

याच्या उलट प्रकारही घडतो. तेथें मान जुना व भांडें नवें असतें. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा पहिला चषक सप्टेंबर १८९५ मध्यें बर्मिंगहॅम येथील एका दुकानाच्या खिडकींतून चोरीस गेला, तो पुन्हां सांपडला नाहीं. त्याबरहुकूम घडविलेला दुसरा चषक १९१० पर्यंत चालला व २०२० सालीं लिलावांत ७,६०,००० पौंडांस विकला गेला. हा दुसराही अस्सलच. परंतु चोरीपूर्वींच्या एकाही विजयी संघानें तो हातीं घेतलेला नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, चषक व बैठक यांची नोंद वेगवेगळी करावी, दोहोंवरील अक्षरांचे ठसे घेऊन वळणें ताडून पाहावीं, आणि प्रत्येक साल त्या काळच्या वृत्तपत्रांशीं मिळवावें. मुख्य म्हणजे जुनी चांदी घासून उजळूं नये. प्रत्येक घासणीबरोबर कोरीव अक्षरें झिजतात. त्या २७० रुपयांवरील सालें मुशींत गेलीं, तीं परत यावयाचीं नाहींत. उरलेलीं तरी आपल्या हातून जाऊं नयेत.