स्थिर आकाराची कुळकथा

घाटंजीतलं घर महिनाभर कुलूपबंद राहिलं, एक युनिटही जळलं नाही, तरी महावितरणचं बिल शून्याचं येत नाही. ‘स्थिर आकार’ ही ओळ त्यात असतेच. वीज वापरलीच नाही, तर पैसे कशाचे? या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

१८९२ साली जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने एका अध्यक्षीय भाषणात वीजपुरवठ्याच्या खर्चाची फोड केली. कोळसा विजेच्या प्रमाणात जळतो. बॉयलर, यंत्रं, तारा आणि माणसं मात्र ग्राहक कधीही बटण दाबेल म्हणून तयार ठेवावी लागतात. तेव्हा दराचे दोन भाग हवेत: एक सज्जतेचा, एक वापराचा. ब्रायटनच्या आर्थर राइटने ग्राहकाची कमाल मागणी नोंदवणारं यंत्र बनवलं. शिकागोच्या सॅम्युअल इन्सलने ते १८९४ मध्ये तिथे पाहिलं आणि ही पद्धत अमेरिकेत नेली.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. रोजंदाराला काम केल्या दिवसाचे पैसे. सालदाराचं साल पाडव्याला ठरतं आणि पावसाने काम बंद पडलं तरी ते द्यावंच लागतं.

भारतात केंद्राच्या औष्णिक केंद्रांना असा दुहेरी दर के. पी. राव समितीच्या १९९०च्या अहवालानंतर लागू झाला. पण स्थिर खर्चाची वसुली प्रत्यक्ष वीजनिर्मितीशी बांधलेली असल्याने रात्री मागणी नसतानाही संच चालवण्यात केंद्रांचा फायदा होता. म्हणून पुढे ‘उपलब्धतेवर आधारित दर’ आला. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून. त्यात किती वीज काढली यापेक्षा किती द्यायची तयारी होती, यावर स्थिर मोबदला ठरू लागला.

दरम्यान महाराष्ट्राने या तत्त्वाची काळी बाजू पाहिली होती. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला, तोही स्पर्धात्मक निविदांशिवाय. वीज घ्या किंवा न घ्या, डॉलरशी जोडलेला क्षमता आकार ठरलेला. कमी वीज उचलली की तोच बोजा थोड्या युनिटांवर पडे आणि दर भडके. मे २००१ मध्ये पुरवठा थांबला. पुढची काही वर्षं उलटं दुखणं आलं: पुरेशी क्षमताच नाही, आणि ग्रामीण भागाच्या वाट्याला तासन्‌तासांचं भारनियमन.

सज्जतेचे वेगळे पैसे द्यावेत का, यावर जगातही एकमत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून सज्जतेचाच लिलाव होतो. पैसे घेऊन ऐन वेळी गैरहजर राहिलं तर दंड. टेक्सासने असा वेगळा मोबदला ठेवला नाही; टंचाईत दर चढतील आणि त्या आशेने केंद्रं उभी राहतील, हा भरवसा. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत दर प्रति मेगावॅट-तास ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकले, तरी लाखो घरं अंधारात राहिली. वायूपुरवठा आणि यंत्रंच गोठली होती. आपल्याकडे डिसेंबर २०२२च्या केंद्रीय नियमांनी, पुढची मागणी भागवण्याइतकी क्षमता आधीच बांधून ठेवण्याची जबाबदारी वितरण कंपन्यांवर टाकली आहे.

तेव्हा स्थिर आकार ही लूट नव्हे. मात्र सज्जतेचे पैसे द्यायचे, तर किती क्षमता खरंच लागते, ती कोणत्या स्पर्धेतून घेतली आणि गरजेच्या वेळी हजर होती का, हे तीन प्रश्न वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत विचारण्याचा हक्कही ग्राहकाने बजावला पाहिजे.