मुंबईच्या कोटांतील वस्ती व तिची मिळकत

मुंबईचा कोट म्हणजे इंग्रजांचें नगर आणि एतद्देशीयांची वस्ती ती कोटाबाहेर, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. प्रस्तुत लेखकानेंही ती अनेक वर्षें विद्यार्थ्यांस निःशंकपणें शिकविली. परंतु इ. स. १८१३ च्या शिरगणतीचे आंकडे पाहिल्यावर तें मत सोडणें भाग पडलें.

त्या गणतींत कोटाच्या आंत १०,८०१ माणसें आढळलीं. पैकीं पारशी ५,४६४, हिंदु ४,०६१, मुसलमान ७७५, पोर्तुगीज १४६, आर्मेनियन १०५ आणि इंग्रज अवघे २५०. म्हणजे निम्म्याहून अधिक वस्ती पारशांची होती. ज्यांचें म्हणून हें नगर ओळखलें जातें, ते शेंकडा अडीचही नव्हते. चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेस गोऱ्यांचीं घरें व उत्तरेस बाजारगेटाकडे दाट देशी वस्ती, अशी विभागणी होती खरी. पण ती दोन्हीं अंगें तटाच्या आंतच होतीं.

हें घडलें कसें? १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया यांस कंपनीनें जहाजबांधणीसाठीं सुरतेहून आणिलें. गोदी व व्यापार यांच्या आश्रयानें अनेक कुटुंबें कोटांत स्थिरावलीं. ता. १७ फेब्रुवारी १८०३ च्या भीषण आगींत उत्तरभागाची मोठी हानि झाली व पुष्कळ लोक बाहेर गेले. तथापि त्यानंतर दहा वर्षांनींही वरील प्रमाण टिकून होतें, हें विशेष होय.

आतां मिळकतीचा प्रश्न. शिरगणती जात सांगते, घरचें उत्पन्न सांगत नाहीं. जमशेटजी जिजीभाई १७९९ सालीं मुंबईस आले. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यावरून 'बाटलीवाला' म्हणविले जाणाऱ्या या गृहस्थांनीं चीनच्या व्यापारांत अमाप द्रव्य मिळविलें आणि १८५७ सालीं बॅरोनेट झाले. परंतु अशा एका शेटाच्या वैभवावरून ५,४६४ पारशांची सांपत्तिक स्थिति ठरविणें हा हेत्वाभास होय. शेटाचा वाडा मोजतांना त्याच्या नोकराची खोली विसरतां कामा नये. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाच्या भावानें अनेकांस श्रीमंत केलें व १८६५ सालींच त्यांतील कित्येकांचें दिवाळें वाजलें. याच सुमारास गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकीर्दींत तट पाडला गेला. राहत्या घरांच्या जागीं हळूहळू पेढ्या व कचेऱ्या आल्या. जागेचें मोल वाढलें, म्हणून तेथील रहिवाशी श्रीमंत झाला असें मात्र म्हणतां येत नाहीं. भाडेकऱ्यास तर तीच वाढ जाचक होते.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या घरांतून केवळ बखरी व सनदाच उचलूं नयेत. खरेदीखतें, भाडेचिठ्ठ्या, मृत्युपत्रें व कीर्द-खतावण्या, मग त्या मोडींत असोत वा गुजरातींत, रद्दींत जाऊं देऊं नयेत. कोण राहत होता हें सरकारी आंकडा सांगेल. तो कसा जगत होता, हें या चोपड्यांवांचून कळणार नाहीं.