नारू गेला, जंत राहिले

कृमींवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून उपचाराचे तीन टप्पे दिले आहेत, ते मला नुसते वैद्यकीय वाटत नाहीत. अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे. प्रकृतिविघात, म्हणजे त्याला शरीरात जगणं अशक्य करणे. आणि निदानपरिवर्जन, मूळ कारणच टाळणे.

आता नारू घ्या. माझ्या वयाच्या मंडळींना तो आठवत असेल. खरं तर तो आतड्यातला नव्हे, कातडीखालचा. पण शिरायचा तोंडावाटेच. नारू झालेला पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडाला की मादी पाण्यात अळ्या सोडायची. सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव त्या गिळायचा, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हात-दीड हात लांब पांढरा दोरा बाहेर पडायचा. उपाय एकच: काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. ऐन पेरणीत आडवा झाला तर घराचं वर्षच गेलं. हे झालं शुद्ध अपकर्षण.

नारूवर आजही ना औषध, ना लस. तरी १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत, आपल्या महाराष्ट्रातही, काय केलं? पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्याच्या केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळायला लावलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. सगळं तिसऱ्या टप्प्यावर!

पोटातल्या जंतांचं नेमकं उलटं झालं. औषध आहे, स्वस्त आहे, आणि तरी मातीतून लागणारे जंत जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात आहेत. आमच्या लहानपणी वावडिंग होतं. २०१५ पासून जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं. गोळीला माझा विरोध नाही, हुकवर्म रक्त पितो, मुलं पांढरीफटक पडतात. पण गोळीने पोट साफ होतं, मातीतली अंडी तशीच राहतात. आपल्या आचोळ्यातल्या चाळीतलं पोर सकाळी शाळेत गोळी खातं आणि पावसाळ्यात तुंबलेल्या गटारातून अनवाणी घरी जातं. म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा गोळी.

नारू डोळ्यांना दिसायचा, आणि त्याची विहीरही गावाला ठाऊक असायची. ती एकदा बांधली की काम झालं. जंत दिसत नाही, आणि त्याची विहीर म्हणजे संडास, गटार, सांडपाणी, अख्खी वस्ती. ती कुणी बांधायची, हे गोळीच्या वेष्टनावर लिहिलेलं नसतं.