सहलीच्या बोटीतून फौज

लढाई झाली की काही दिवसांनी तिथे पर्यटक येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ते मैदान पाहायला हजर होता. आसपासचे लोक चिलखतं, बिल्ले, बटणं विकत होते आणि स्कॉटनेही खरेदी केली. म्हणजे आधी लढाई आणि मग सहल. मला आज सांगायची आहे ती गोष्ट उलट्या क्रमाची आहे. तिथे सहल आधी पोचली आणि तिच्या पाठोपाठ, तिच्याच व्यवस्थेतून, फौज गेली.

थॉमस कुक हे नाव मुंबईकरांना नवं नाही. कंपनीची इथली कचेरी १८८१ सालची. मूळचा थॉमस कुक हा सुतारकाम शिकलेला, बाप्टिस्ट पंथाचा प्रचारक आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० माणसं आगगाडीने नेली, तीसुद्धा दारूबंदीच्या मेळाव्याला. भाडं एक शिलिंग. गुत्त्यात बसण्यापेक्षा माणसाने चार गावं पाहावीत, असा त्याचा साधा हिशेब होता. सुएझ कालवा सुरू झाला त्या १८६९ सालीच त्याने आपली पहिली मंडळी नाईल नदीवर फिरायला नेली.

त्याचा मुलगा जॉन मेसन कुक वेगळ्या घडणीचा. बापाला माणसं सुधारायची होती, मुलाला धंदा नीट करायचा होता. इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव याच्या सरकारकडून त्याने नाईलवरच्या प्रवासी आगबोटींची एजन्सी मिळवली. दर हिवाळ्यात युरोपातले सुखवस्तू लोक येत, कैरोहून लक्सर, अस्वानपर्यंत जात, देवळं पाहून परत फिरत. दिसायला सगळा आरामाचा मामला. पण त्यामागे नदीचं बारीक ज्ञान साठत होतं. कुठल्या महिन्यात पाणी किती उतरतं, कोळसा कुठे साठवायचा, वाळूचे बांध कुठे लागतात, कोणत्या गावात हमाल मिळतात. कुकच्या माणसांना हे पाठ झालं होतं.

१८८२ मध्ये इजिप्तमध्ये उराबी पाशाचा उठाव झाला. परदेशी सावकारांच्या कर्जाखाली देश पिचला होता, त्याचा हा उद्रेक. ब्रिटनने जनरल वूल्झली याला पाठवलं आणि १३ सप्टेंबरला तेल-अल-कबीर इथे उराबीचा पराभव झाला. या मोहिमेत हिंदुस्थानी फौजही होती, त्यात मुंबई इलाख्याच्या सैन्यातली एक बलुची पलटण होती. वूल्झली आणि त्याच्या सहकाऱ्यांना इजिप्तला न्यायचं काम मिळालं कुक कंपनीला! जखमी आणि आजारी सैनिकांना नाईलमार्गे हलवण्याचं कामही तिचंच. ब्रिटिश युद्धखात्याने तिचे जाहीर आभार मानले.

खरी मोठी कामगिरी दोन वर्षांनी आली. सुदानमध्ये महदी मुहम्मद अहमद याने बंड पुकारलं होतं. जनरल गॉर्डन १८८४ च्या आरंभी खार्टुमला गेला, त्याच्या प्रवासाची व्यवस्था कुकनेच केली. तो तिथे वेढ्यात अडकला. इंग्लंडातलं लोकमत खवळलं आणि सरकारला सुटकेसाठी फौज पाठवणं भाग पडलं. आता हजारो माणसं नाईलवरून वर न्यायची कुणी? सैन्याकडे नाईलवर अशी यंत्रणा नव्हती. सहली काढणाऱ्याकडे होती. सरकारने कंत्राट कुकला दिलं. सुमारे १८ हजार सैनिक आणि हजारो टन सामान असियुतहून सुदानच्या सीमेवरच्या वादी हाल्फापर्यंत न्यायचं. त्यासाठी २७ आगबोटी आणि साडेसहाशेच्या घरात शिडाची गलबतं नदीवर उतरली. फेलाह म्हणजे तिथले गरीब शेतकरी. ते हजारोंनी ओझी वाहायला लागले. सैनिकांचा आकडा पुस्तकांतून सहज सापडतो. कोळशाच्या टोपल्या वाहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही.

एवढं करून उपयोग झाला नाही. २६ जानेवारी १८८५ रोजी खार्टुम पडलं, गॉर्डन मारला गेला आणि सुटकेच्या पहिल्या बोटी तिथे पोचल्या त्या २८ तारखेला.

फौज हरून परतली, पण कंपनी बुडाली नाही. तिने नाईलसाठी स्वतःच्या नव्या, आलिशान आगबोटी बांधून घेतल्या. १८८९ मध्ये इजिप्त सरकारची टपाल, रोकड, अधिकारी आणि सैनिक नाईलवरून नेण्याचा एकाधिकारही तिला मिळाला. म्हणजे देवळं पाहायला निघालेली मडम आणि चौकीवर निघालेला शिपाई एकाच कंपनीचे उतारू झाले. न्यायाने एक सांगितलं पाहिजे. याच जॉन कुकच्या पुढाकाराने लक्सरला स्थानिक लोकांसाठी इस्पितळ उभं राहिलं, ते १८९१ मध्ये सुरू झालं. पण पर्यटकाला नाईलवर जी निर्धास्त झोप लागत होती ती बंदुकीच्या पहाऱ्यात लागत होती, हेही तितकंच खरं. ती झोप मोडली तर काय होईल, यावर कॉनन डॉइलने १८९८ मध्ये कादंबरीच लिहिली. तीत वादी हाल्फाजवळ फिरायला गेलेल्या पर्यटकांना महदीचे अनुयायी पळवून नेतात.

(आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणांचा जन्मही आजारी गोऱ्या सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हवापालटाशी जोडलेला आहे, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.)

पुढे किचनरने सुदान जिंकलं, तेव्हा नदीच्या जोडीला आगगाडी आली. वादी हाल्फाहून थेट वाळवंटातून अबू हमदपर्यंत रूळ टाकले गेले, ते १८९७ च्या अखेरीस पुरे झाले. हेतू निव्वळ लष्करी. २ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुर्मानला मॅक्झिम तोफांपुढे सुमारे दहा हजार सुदानी पडले. समोरच्या बाजूचे पन्नासाच्या आत. खार्टुमसमोरच्या काठापर्यंत रूळ पोचले आणि थोड्याच वर्षांत त्याच मार्गाने हिवाळी पर्यटक येऊ लागले. त्यांना पाहायचं असे ते गॉर्डन पडला ती जागा, लढाईचं मैदान आणि ओमदुर्मानमधली महदीची कबर. किचनरच्या तोफांनी तिचा घुमट फोडला होता आणि महदीच्या अस्थी नाईलमध्ये फेकल्या गेल्या होत्या. पर्यटक पाहत ते भगदाड पडलेले अवशेष. तो घुमट महदीच्या मुलाने पुन्हा बांधला १९४७ साली.