एका शिंगाची गोष्ट



आज एका प्राण्याबद्दल बोलू या. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर हा प्राणी तुमच्याकडे आधीच पोचलेला आहे. तिच्या दप्तरावर असेल, नाहीतर पाण्याच्या बाटलीवर. पांढरा घोडा, रंगीत आयाळ आणि कपाळावर पीळ असलेलं एकच लांब शिंग. मुली त्याला युनिकॉर्न म्हणतात, आपण एकशिंगी म्हणू. "आई, असा घोडा खरंच असतो का गं?" असं पोरीनं विचारलं की "नाही गं, चित्रातलाच आहे तो" असं सांगून आपण मोकळ्या होतो. पण मग चित्रात तरी तो कुठून आला? कुणीतरी तो घडवला असणार. कुणी घडवला, कशासाठी, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे आज बघू या. शेवटी आपणही आपला एक प्राणी घडवायचा आहे, तेव्हा पाटी-खडू नाहीतर कागद जवळ ठेवा.

सुरुवात साडेचार हजार वर्षांपूर्वीची. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही नावं मुलांच्या पुस्तकात तुम्ही वाचली असतील. १९२१-२२ साली तिथं खोदकाम सुरू झालं आणि विटांनी बांधलेली मोठमोठी शहरं जमिनीतून वर आली. तिथं मऊ दगडाच्या चौकोनी मुद्रा सापडल्या. मुद्रा म्हणजे शिक्का. आकार जेमतेम इंच-दीड इंच. दगडावर चित्र उलटं कोरायचं, मग तो भट्टीत भाजून कडक करायचा. त्यावर वाघ आहे, हत्ती आहे, गेंडा आहे, वशिंडाचा बैल आहे. पण सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो एकशिंगी. निम्म्याहून जास्त मुद्रांवर तोच आहे. अंग बैलासारखं, मान लांब, खांद्यावर झूल घातल्यासारखी रेघ, आणि पुढं वाकलेलं एकच शिंग.

काही अभ्यासक म्हणतात, हा साधा बैलच आहे, बाजूनं काढल्यामुळे एक शिंग दुसऱ्यामागे लपलंय. पण त्याच कारागिरांनी वशिंडाचा बैल बाजूनं कोरताना त्याची दोन्ही शिंगं दाखवली आहेत. शिवाय एक शिंगाची मातीची छोटी जनावरंही सापडली आहेत. म्हणून बऱ्याच जणांना वाटतं, की हा मुद्दाम घडवलेला प्राणी आहे. आणि तो गेंडा नाही, कारण गेंडा त्या मुद्रांवर वेगळा आहे, जाड कातडीच्या घड्यांसकट.

या शिक्क्यांचं काम काय होतं? गुजरातमधल्या लोथल गावी एका कोठारात मातीचे गोळे सापडले. त्यांच्या एका बाजूला मुद्रेचा ठसा आहे, आणि दुसऱ्या बाजूला दोरीचे, कापडाचे वण. म्हणजे माल बांधायचा, गाठीवर ओली माती लावायची आणि त्यावर शिक्का मारायचा. गाठ कुणी सोडली तर लगेच कळणार. आपण पापडाच्या पाकिटावर गटाचं लेबल लावतो, त्यातलाच हा प्रकार. तिथली लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, पण त्या प्राण्याचं काम मात्र कळतं. हा माल अमक्यांचा, याला हात लावू नका, हे तो सांगत होता.

हडप्पा संस्कृतीचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत आलेला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं एका शेतकऱ्याला खणताना काशाच्या चार जड वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. गेंड्याच्या पायाखाली चाकं आहेत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात, ते आठवतं ना? तसंच काहीसं. आज प्रवरेकाठी गेंडा कुठला! पण तो कसा असतो हे माहीत असलेल्या कुणीतरी ही मूर्ती घडवली.

आता जरा लांब जाऊ. साधारण २४०० वर्षांपूर्वी इराणच्या राजाच्या दरबारात टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. तो भारतात कधी आला नाही. पण इकडून येणाऱ्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टींवर त्यानं भारताविषयी एक पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, की भारतात रानगाढवं असतात, अंगानं पांढरी, डोकं लालसर, डोळे निळे, आणि कपाळावर हातभर लांबीचं तिरंगी शिंग. बुडाशी पांढरं, मधे काळं, टोकाला लाल. त्या शिंगाच्या पेल्यातून जो पाणी पिईल त्याला फेफरं येत नाही आणि विषही बाधत नाही.

ऐकताना लक्षात आलं असेल. एकानं गेंड्याचं शिंग सांगितलं, दुसऱ्यानं रानगाढवाचा वेग सांगितला, तिसऱ्यानं आणखी काही, आणि लिहिणाऱ्यानं सगळ्यांचं एकच जनावर केलं. प्रत्येक तुकडा कुणीतरी पाहिलेला होता, अख्खा प्राणी मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. गावात एखादी बातमी या वाड्यावरून त्या वाड्यावर जाताना कशी वाढते, ते आपण जाणतोच.

पुढं युरोपात या प्राण्याला एक गोष्ट चिकटली. हा एकशिंगी इतका चपळ आणि रागीट, की शिकाऱ्याच्या हाती लागत नाही. मग उपाय काय? एका कुमारिकेला रानात एकटीला बसवायचं. तो येतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, शांत होतो. तेवढ्यात झाडामागचे शिकारी धावून येतात. शेकडो वर्षं हे चित्र पुस्तकांत आणि भिंतीवर टांगायच्या विणकामांत काढलं गेलं. पॅरिसच्या एका संग्रहालयात साधारण १५०० सालची अशी सहा मोठी विणलेली चित्रं आहेत. त्यांत शिकार नाही, एकशिंगी तिथं एका बाईच्या शेजारी डौलात उभा आहे. पण जास्त ऐकली गेली ती शिकारीचीच गोष्ट. आणि त्या गोष्टीत मुलीला कुणी विचारत नाही, "बाई गं, बसशील का? तुला भीती नाही ना वाटत?" ती फक्त आमिष.

आपल्याकडे अशीच एक जुनी कथा आहे, ऋष्यशृंगाची. विभांडक ऋषींचा हा मुलगा हरिणीच्या पोटी जन्मला, त्याच्या डोक्यावर शिंग होतं, आणि त्यानं कधी बाई पाहिलेली नव्हती. अंगदेशात पाऊस पडेना. तो आला तर पाऊस पडेल असं राजाला सांगितलं गेलं, आणि त्याला भुलवून आणायला राजानं गणिकांना हुकूम केला. महाभारतात या बायकांची अवस्था सांगितली आहे. एकीकडे राजाचा धाक, दुसरीकडे ऋषीच्या शापाची भीती, त्या पांढऱ्याफटक पडल्या. शेवटी त्यांच्यातली एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं ते काम अंगावर घेतलं. ऋष्यशृंग आला, पाऊस पडला, राजानं आपली मुलगी शांता त्याला दिली. युरोपातली कुमारिकेची गोष्ट याच कथेच्या नात्यातली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. नातं असो नसो, जोखीम दोन्हीकडे बायकांनीच घेतली. आपल्या कथेत निदान त्यांची भीती नोंदली तरी गेली.

आता किंमतीची गोष्ट. शिंगानं विष उतरतं म्हटल्यावर राजेरजवाडे ते मागणारच. विषप्रयोगाची भीती त्यांना सगळ्यात जास्त! व्यापारी लांब, पांढरी, पिळाची शिंगं आणून विकू लागले, वजनाला सोन्यापेक्षा महाग. डेन्मार्कच्या राजानं तर अशा शिंगांचं सिंहासनच करवलं. पण ती शिंगं घोड्याची नव्हती, की गाढवाची नव्हती. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात नारव्हाल नावाचा देवमाशाच्या जातीचा प्राणी राहतो. त्याचा वरचा डावा दात ओठातून बाहेर येऊन पीळ घेत वाढतो, आठ-नऊ फुटांपर्यंतही. तो दात शिंग म्हणून खपत होता. १६३८ साली डेन्मार्कच्याच ओले वर्म नावाच्या वैद्यानं हे उघड केलं. दप्तरावरच्या घोड्याच्या शिंगाला पीळ का असतो, ते आता कळलं? तो माशासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा दात आहे!

नारव्हालचा दात विकून लोक फसले. गेंड्याचा मात्र जीव गेला. त्याचं शिंग आपल्या नखांच्या आणि केसांच्याच द्रव्याचं असतं. त्याची भुकटी खाणं म्हणजे नखं कुरतडून खाण्यासारखंच. तरीही औषध म्हणून त्याला मागणी राहिली आणि गेंडे मारले गेले. आज एकशिंगी गेंडे भारत आणि नेपाळ मिळून साधारण चार हजार उरलेत, त्यांतले बहुतेक आसामात. २२ सप्टेंबर २०२१ ला आसाम सरकारनं साठवून ठेवलेली २,४७९ गेंड्याची शिंगं जाहीरपणे जाळली. याच्यात औषध नाही, हे जगाला दिसावं म्हणून.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्या रानातलं खवले मांजर आठवा. त्याचे खवलेही नखांच्याच द्रव्याचे. औषधाच्या, नाहीतर धनलाभाच्या नावाखाली ते बिचारं चोरून पकडलं जातं. त्याला पकडणं, विकणं हा कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा कुणी अशी दुर्मीळ शिंगं, खवले, नखं घेऊन दारात आलं, तर टेसियसची गोष्ट आठवा. सांगणाऱ्यानं तो प्राणी पाहिलेलाही नव्हता.

मग काय, असे प्राणी घडवूच नयेत? तसं नाही. आपल्या देवळांत मकर असतो, त्याला हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाची शेपटी. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ असतो, कुठं तर पंजात हत्ती दाबून धरलेला. त्याचं काम येणाऱ्याला बजावणं, की सांभाळून, इथं जोर आहे. आणि ओडिशात पंधराव्या शतकात सारळा दासांनी लिहिलेल्या महाभारतात आहे नवगुंजर. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी. तीन पाय हत्ती, वाघ आणि घोड्याचे, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्यात कमळ. अर्जुन त्याच्यावर बाण सोडणार, तेवढ्यात त्याला तो हात दिसतो. हे देवाचंच रूप आहे हे ओळखून तो धनुष्य खाली ठेवतो. एका हातानं सगळ्या प्राण्याचा अर्थ बदलला.

चला, आता आपला प्राणी. बचत गटाला खूण हवी असेल, गोधडीवर काही नवं टाकायचं असेल, किंवा मुलीबरोबर नुसतं चित्र काढायचं असेल, तरी चालेल.

पहिलं, त्याचं काम ठरवा. राखण करणार, ओझं वाहणार, की पाण्याची वाट दाखवणार? काम ठरलं की अवयव आपोआप सुचतात.

दुसरं, अवयव आपल्या पाहण्यातले घ्या. चढणीला न थकणारे शेळीचे पाय, टिटवीचा सावध डोळा, म्हशीचं रुंद कपाळ. सुगरणीची चोच घेतलीत तर एक गंमत गटात सांगा. नाव बाईचं, पण तो सुंदर खोपा विणतो नर!

तिसरं, त्याला एक खूण अशी द्या, की ती दिसली तर ओळख पटावी, नवगुंजराच्या हातासारखी. शिंगच हवं असेल तर ते का, हेही ठरवा.

चौथं, तो इंचभर जागेत काढून बघा. हडप्पाच्या कारागिराला जमलं, आपल्यालाही जमेल. एका रंगात, थोड्या रेघांत ओळखू आला तर पाकिटावर छापता येईल. कंपनीच्या कार्टूनची नक्कल करू नका, त्यावर त्यांचा हक्क असतो. तुमचं स्वतःचं चित्र मात्र ट्रेडमार्क म्हणून तुमच्या नावावर नोंदवता येतं.

आणि पाचवं, त्याची गोष्ट तुम्ही सांगा. त्या गोष्टीत बाई असेल तर तिला झाडाखाली आमिष म्हणून बसवू नका. ती कुठं जाते, काय ठरवते, ते तिच्या तोंडून येऊ द्या.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. काढलेलं चित्र गटाच्या वहीत चिकटवा, खाली तारीख घाला आणि काढणारीचं नाव लिहा. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा एकशिंगी आपल्यापर्यंत पोचला, पण तो कोरणाऱ्या हातांचं नाव कुणालाच माहीत नाही. तुमचं तरी राहू द्या.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!